अतिभारारोपण : व्यापारी मंडळे आणि श्रमाची सुरक्षितता

श्रावकाच्या व्रतांची आणि त्यांच्या अतिचारांची नावे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाठशाळेत म्हटलेली असतात. अहिंसाणुव्रताचे अतिचार पाच : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते याच क्रमाने येतात, आणि श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांगातही थोड्या शब्दभेदाने हेच पाच सांगितले आहेत. या बाबतीत आम्नायभेदाला जागा नाही. अतिभारारोपण म्हणजे एखाद्या जीवावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. हा शब्द समजावून देताना बहुधा बैलगाडीचे उदाहरण दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बाजारपेठेतील ओझे आता बैलाच्या मानेवर फारसे राहिलेले नाही. ते हमालाच्या पाठीवर आणि कारागिराच्या छातीवर आले आहे, आणि ते लादणारा हात कित्येकदा आपल्यासारख्याच एखाद्या गादीवरचा असतो.

आता तिसऱ्या अणुव्रताकडे पाहू. अचौर्यव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे ठेवणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल मालात नक्कल मिसळणे, हे दोन अतिचार येतात. हे दोन्ही दोष व्यापाऱ्याच्या तागडीशी जितके निगडित आहेत, तितकाच अतिभारारोपणाचा दोष त्याच्या वखारीशी निगडित आहे. तथापि व्यापारी मंडळांच्या एकंदर इतिहासाकडे नजर टाकली असता असे दिसते की, तिसऱ्या व्रताच्या रक्षणाचे काम मंडळांनी आपल्या अंगावर घेतले आणि पहिल्या व्रताचा हा चौथा अतिचार मात्र ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपवून दिला. असे का घडले, आणि कामकऱ्यांच्या जिवाची काळजी घेण्याचे काम व्यापाऱ्यांच्या मंडळांना कितपत साधते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मंडळांच्या अंगी सामर्थ्य नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. होळकरांच्या राज्यात इंदूर शहरी 'ग्यारह पंच' ही प्रमुख सराफ-सावकारांची संस्था होती. व्यापारी तंटे आणि दिवाळ्याची प्रकरणे तिच्यापुढे येत व तिच्या निर्णयास दरबारची मान्यता असे. अशा पंचांचे खरे बळ मात्र दरबारी शिक्क्यापेक्षा बाजाराच्या विश्वासात असते. पंचांचा शब्द जो मोडील त्याची हुंडी दुसऱ्या दिवशी कोण सकारणार? ज्याच्याशी व्यवहार करावयास पेठ तयार नाही, त्याला दंडाची वा कैदेची वेगळी गरज राहत नाही. हे शस्त्र आजच्या मंडळांजवळही थोड्याफार प्रमाणात शिल्लक आहे. उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव पेठेत कसे फिरते, सुट्टीचा दिवस मोडून दुकान उघडणाऱ्यास कसे समजावले जाते, हे सभासदांस आम्ही सांगावयास नको.

मग हे शस्त्र सुरक्षिततेच्या कामी का वापरले गेले नाही? याचे उत्तर हिशेबाच्या वहीतच सापडते. एका पेढीने खोटे माप वापरले तर परगावचा व्यापारी त्या एकाच पेढीस दोष देत नाही. 'इंदूरचा माल असाच' असे म्हणून तो सर्वांनाच नावे ठेवतो. एकाचा दोष सर्वांच्या खात्यावर नावे पडतो, म्हणून सर्वजण मिळून त्या एकाला आवरतात. हमालाच्या कमरेत उसण भरली किंवा कारागिराला दमा लागला, तर तो खर्च कोणत्याच पेढीच्या खतावणीत दिसत नाही. तो माणूस आपल्या गावी परत जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. शिवाय तो मंडळाचा सभासदही नसतो, त्यामुळे वार्षिक सभेत त्याचा प्रश्न कोण मांडणार? आणखी एक अडचण आहे. सुरक्षिततेसाठी एकट्याने खर्च केला तर त्याचा माल शेजाऱ्यापेक्षा दोन पैशांनी महाग पडतो. सर्वांनी एकाच दिवशी तो खर्च केला तर कोणाचेच नुकसान होत नाही. म्हणजे हे काम एकट्या व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आणि मंडळाला मात्र सहज जमण्याजोगे आहे. आणि तरीही मंडळालाच ते हाती घेण्याची निकड भासत नाही.

निकड भासली म्हणजे काय होते, याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. मुंबईच्या गिरणीमालकांचे मंडळ १८७५ साली स्थापन झाले. त्या काळी गिरण्यांतून पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम चाले, आणि कामगारांस आठवड्यातून एक दिवस हक्काची विश्रांती नव्हती. थकलेला हात यंत्राच्या पट्ट्यात लवकर सापडतो, हे समजावयास कोणत्याही अहवालाची आवश्यकता नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. सरकारी कायद्याने साप्ताहिक सुट्टी सक्तीची झाली ती १८९१ साली, म्हणजे त्यानंतर. कायद्याच्या आधी मंडळाचा ठराव झाला, ही गोष्ट मालकांना भूषणावह आहेच. परंतु तो ठराव आपोआप सुचला नव्हता. बाहेर दहा हजार माणसे उभी राहिली तेव्हा तो सुचला. आणि एकदा सुचल्यावर त्यात कोणाचे काही अडले नाही, कारण सर्वच गिरण्या एकाच दिवशी बंद राहू लागल्या.

आता शब्दशः अतिभाराचेच उदाहरण घेऊ. धान्याची गोणी शंभर किलोची असावी, अशी वहिवाट आपल्याकडे दीर्घकाळ होती. क्विंटलचा हिशेब सोपा, शिलाई एक, बारदान एक, तोलाई एक. व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्व सोयी त्यात होत्या. गैरसोय होती ती फक्त ज्याच्या मणक्यावरून ती गोणी फळीवर चढे त्याची. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी एक करार आणि त्यासोबत एक शिफारस संमत केली; त्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. पुढे आपल्याकडेही पन्नास किलोची गोणी रूढ झाली, आणि त्यामुळे धान्याचा व्यापार बुडाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. वैद्यकीय दृष्टीने यातील मर्म एवढेच की, ओझे पाठीवर घेऊन वाकताना वा वळताना मणक्यांमधील मऊ चकत्यांवर पडणारा दाब प्रत्यक्ष ओझ्याच्या कित्येक पट असतो. म्हणून वजन निम्मे केल्याने वाचते ते निम्म्याहून अधिक वाटते. गोणी हलकी करण्यास कोणतेही यंत्र लागत नव्हते, भांडवल लागत नव्हते. लागत होता तो सर्वांचा एक निर्णय.

महाराष्ट्रात हमालांच्या प्रश्नाने निराळे वळण घेतले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा झाला. या कायद्यान्वये जी मंडळे स्थापन झाली त्यांत व्यापारी, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय होते. या व्यवस्थेविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि माथाडीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविषयीची तक्रार तर खोटी म्हणता येणार नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे हमाल हा प्रथमच त्या टेबलाशी बसला, जेथे त्याच्याविषयी निर्णय होतात. आपल्या मध्य प्रदेशात कृषि उपज मंडीच्या १९७२ च्या कायद्याने मंडी समितीवर हम्माल व तुलावटी यांच्या प्रतिनिधीस जागा दिली आहे, आणि २००८ पासून त्यांच्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाची साहाय्य योजना आहे. अपघातात मृत्यू वा अपंगत्व आल्यास तीतून मदत मिळते. अपघात होऊ नये म्हणून काय करावे, हे मात्र अशी योजना सांगू शकत नाही. ते वखारीचा मालकच सांगू शकतो.

इंदुराहून फार दूर नसलेल्या मंदसौरची हकीकत याहून गंभीर आहे, आणि माळव्यातील व्यापाऱ्यांनी ती विसरू नये असे आम्हांस वाटते. मंदसौर भागात पाटीवर लिहावयाच्या पेन्सिलींचा मोठा उद्योग होता. तेथील खाणींतून निघणारा थरांचा दगड करवतीने कापून त्याच्या कांड्या करीत. करवत हाताने चाले तोवर धूळ बेताची होती. विजेवर फिरणारी गोल करवत आली, माल झपाट्याने निघू लागला, आणि धूळही तितक्याच झपाट्याने उडू लागली. त्या दगडात सिलिका, म्हणजे गारेचा अंश, पुष्कळ असतो. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाच्या केसांत अडकत नाहीत. ते सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही, म्हणून त्यांच्याभोवती गाठी बांधते. अशा गाठी वाढत वाढत फुप्फुसाचा मऊ भाग कठीण होतो आणि माणसाला चार पावले चालताना धाप लागते. हाच सिलिकोसिस. तो झाल्यावर बरा करणारे औषध नाही. क्षयाची बाधाही अशा फुप्फुसास लवकर होते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मंदसौरच्या ५९३ पेन्सिल-कामगारांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस आढळला होता. म्हणजे दोन कामगार समोर उभे राहिले तर त्यांपैकी एक रोगी असण्याचाच संभव अधिक. ही माणसे म्हातारी नव्हती, संसाराच्या भरात असलेली होती. आणि उपाय फार गूढ होता काय? करवतीच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा व नळ बसवला की तिचा मोठा भाग कामगाराच्या नाकापर्यंत पोहोचतच नाही. असे साधन एका कारखानदाराने बसवले तर त्याची पेन्सिल महाग पडते. सर्वांनी बसवले तर पेन्सिलीची किंमत किंचित वाढते आणि ती वाढ देशभरातील शाळकरी मुलांच्या पालकांत इतकी वाटली जाते की, कोणाच्या ध्यानातही येत नाही. मंडळाने करावयाचे काम म्हणून याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. परंतु उद्योगाच्या अंतर्गत शिस्तीने हे साधले असते, तर १९८२ साली मध्य प्रदेश शासनाला स्लेट पेन्सिल कर्मकार कल्याण निधीचा खास कायदा करून पेन्सिलींवर उपकर बसवण्याची वेळ आली नसती. त्या उपकरातून रोगी कामगारांस व त्यांच्या कुटुंबांस साहाय्य मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण जो पैसा आधी पंख्यावर खर्च व्हावयाचा तो नंतर विधवांच्या वेतनावर खर्च झाला, एवढा त्याचा अर्थ आहे.

मंदसौर दूर वाटत असेल तर आपण आपल्या सराफ्यातच येऊ. रात्री जेथे भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खावयास सारे इंदूर लोटते, त्याच गल्ल्यांच्या माड्यांवर दिवसा दागिने घडतात. दागिन्याचे तुकडे जोडताना डाख द्यावा लागतो. पूर्वी डाखात तांबे व रुपे घालीत; त्यामुळे दागिना वितळवल्यावर सोन्याचा कस उतरलेला दिसे आणि गिऱ्हाइकाशी वाद होई. त्यावर कॅडमियम हा उपाय सापडला. 'केडीएम' ही जी अक्षरे आपण कित्येक वर्षे अभिमानाने पावतीवर छापली ती याचीच. कॅडमियम ३२१ अंशांवर वितळते आणि ७६७ अंशांवर त्याची वाफ होते. सोने वितळावयास १०६४ अंश लागतात. म्हणून फुंकणीची ज्वाळा लागताच कॅडमियमचा पुष्कळसा अंश वाफ होऊन उडून जातो, आणि दागिन्याचा कस फारसा उतरत नाही. गिऱ्हाईक संतुष्ट, सराफही संतुष्ट. परंतु सोन्यातून उडालेले कॅडमियम गेले कोठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ते ज्वाळेवर ओणवे बसलेल्या कारागिराच्या छातीत गेले. याचा दगा असा की, त्या वेळी विशेष काही जाणवत नाही. कारागीर संध्याकाळी खोलीवर जातो, जेवतो, आणि रात्री त्याला ताप भरून छाती कोंडते. लोक म्हणतात, हवा बदलली. थोड्या थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे आत गेलेले कॅडमियम मूत्रपिंडे निकामी करते, आणि कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत त्याची निश्चित गणना झालेली आहे. शोऱ्याच्या तेजाबाचेही असेच. त्यातून निघणारा तांबूस धूर आरंभी फक्त खोकला आणतो आणि खरा अपाय काही तासांनी दाखवतो.

सोन्यासाठी हॉलमार्कची योजना २००० साली सुरू झाली आणि जून २०२१ पासून निवडक जिल्ह्यांत ती सक्तीची करण्यात आली. हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियमला थारा नाही, त्यामुळे त्याची जागा जस्ताने व इतर मिश्रणांनी घेतली. कारागिराच्या फुप्फुसाला जो दिलासा मिळाला तो अशा रीतीने गिऱ्हाइकाच्या हक्काच्या पाठीमागून आला. २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये देशातील सराफांनी हॉलमार्कच्या नव्या क्रमांकपद्धतीविरुद्ध एक दिवसाचा लाक्षणिक बंद पाळला. विलंब, खर्च, कागदपत्रे यांविषयीचे त्यांचे म्हणणे सर्वस्वी गैर होते असे नव्हे. पण त्या साऱ्या वादंगात डाख देणाऱ्या माणसाच्या श्वासाविषयी एकही वाक्य आमच्या ऐकण्यात आले नाही. कसाच्या बाबतीत रतिभराची चूक खपवून न घेणारी आपली पेठ माडीवरच्या खोलीला खिडकी आहे की नाही, हे पाहावयास जिना चढत नाही. आणि जे कारखाने हॉलमार्कच्या वाटेस जातच नाहीत, तेथे कोणता डाख वापरला जातो हे केवळ त्या कारखान्याच्या भिंतींनाच ठाऊक.

जेथे धोका स्वतः व्यापाऱ्याच्याही दारात येतो, तेथे मंडळे अधिक जागरूक असतात, असे आपणांस वाटेल. आगीच्या बाबतीत तसे असावयास हवे, कारण आग सभासद व बिगरसभासद असा भेद करीत नाही. परंतु १८ एप्रिल २०१७ रोजी आपल्याच राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानांना आग लागली आणि किमान सात माणसे प्राणास मुकली. भर वस्तीच्या पेठेत तो साठा होता, हे शेजारच्या दुकानदारांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्याआधी १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे वस्तीतच साठवलेल्या स्फोटकांनी सत्तरहून अधिक जीव घेतले होते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्याचा फटाका कारखाना उडाला. आणि १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातेतील डीसा येथे फटाक्यांच्या वखारीत स्फोट होऊन जे एकवीस जण मेले, ते हरदा आणि देवास या आपल्याच जिल्ह्यांतून गेलेले मजूर व त्यांची बायकामुले होती. स्फोटकांचा कायदा १८८४ पासून अस्तित्वात आहे, म्हणजे कायद्याचा अभाव नव्हता. सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येईल किंवा येणार नाही. शेजारचा व्यापारी मात्र रोज सकाळी तेच शटर उघडताना पाहतो. त्याने बोलावे कोणापाशी, आणि बोलल्यावर त्याला 'धंद्यात मोडता घालणारा' म्हणू नये याची हमी कोण देणार, हे आपल्या मंडळांनी कधी ठरवलेले नाही.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील, कारण मंडळाच्या नियमनाची शक्ती व मर्यादा दोन्ही त्यांत दिसतात. इंग्लंडात वाफेच्या यंत्रांचा प्रसार झाला तेव्हा बॉयलर फुटून माणसे मरण्याचे प्रकार वारंवार घडू लागले. १८५४ साली मँचेस्टर येथे विल्यम फेअरबेर्न या यंत्रशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बॉयलर वापरणाऱ्या कारखानदारांनीच एक मंडळ काढले. सभासदाने वर्गणी भरावयाची, मंडळाच्या निरीक्षकाने त्याचा बॉयलर आतून-बाहेरून तपासावयाचा, आणि दोष दाखवला तर तो दुरुस्त करावयाचा. सरकारचा यात हात नव्हता. बॉयलर फुटला तर कामगाराबरोबर मालकाचा कारखानाही उडतो, म्हणून येथे मालकाचा स्वार्थ आणि कामगाराचा जीव एकाच बाजूस आले होते. परंतु जे सभासद झाले नाहीत त्यांचे बॉयलर कोण तपासणार? अखेर १८८२ साली पार्लमेंटला बॉयलरच्या स्फोटांच्या चौकशीचा कायदा करावा लागला. आपल्याकडील बॉयलरचा १९२३ चा कायदा २०२५ पर्यंत अमलात होता.

दुसरे उदाहरण गॅसच्या जोडण्या करणाऱ्या कारागिरांचे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या नव्या उंच इमारतीत गॅसचा स्फोट होऊन तिचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला व चौघे मरण पावले. त्यानंतर १९७० साली गॅस-कारागिरांची नोंदणी करणारी संस्था निघाली. नोंदणी ऐच्छिक होती. ज्यांना आपल्या कामाचा अभिमान होता ते नोंदले गेले, आणि ज्यांच्यापासून भय होते ते बाहेरच राहिले. १९९१ साली सरकारने नोंदणी सक्तीची केली, आणि २००९ साली ते काम नव्या नोंदवहीकडे सोपवले. ऐच्छिक शिस्तीचा हा दोष सर्वत्र आढळतो. जो मुळातच सावध आहे त्यालाच ती अधिक सावध करते.

मग मंडळाने काही करण्यात अर्थच नाही, हे काम कायद्याचेच आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही, कारण कायदाच आपल्या दारापर्यंत येऊन थांबतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची नवी संहिता अमलात आली आहे. पूर्वीचे तेरा कायदे तीत एकत्र झाले. ही संहिता सामान्यतः दहा वा अधिक कामकरी असलेल्या आस्थापनांस लागू होते. धोकादायक कामांना दहांपेक्षा कमी माणसे असली तरी ती लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखान्याचे नियम लागत. आता कारखान्याची ती मर्यादा वीस झाली आहे. आपल्या सभासदांच्या पेढ्या, वखारी व माडीवरचे कारखाने डोळ्यांसमोर आणा. दहा माणसे एकाच ठिकाणी कामास आहेत असे त्यांत किती? दुकानांस १९५८ चा मध्य प्रदेशाचा दुकान व आस्थापना कायदा आहे, पण त्याचा मुख्य रोख कामाच्या वेळा आणि सुट्ट्या यांकडे. तेव्हा चार कारागिरांची खोली, सहा हमालांची वखार, उंच फळ्यांवरून तागे काढणारा एकटा नोकर, या सर्वांवर रोजच्या रोज नजर ठेवू शकेल अशी एकच संस्था उरते, आणि ती म्हणजे त्या त्या पेठेचे मंडळ.

हे काम दानधर्माच्या खात्यात घालू नये, असे आमचे मत आहे. आपला समाज रुग्णालये बांधतो, धर्मशाळा बांधतो, पांजरपोळ चालवतो. त्याबद्दल त्याची कीर्ती आहे. परंतु दवाखान्यात हमालाच्या पाठीवर मलमपट्टी करण्याचे पुण्य आणि वखारीत ती पाठ मोडू न देण्याचे कर्तव्य ही निरनिराळ्या खात्यांतील रक्कम आहे. पहिल्या खात्यात जमा टाकल्याने दुसऱ्यातील नावे कमी होत नाही. मंडळाने जो नियम करावयाचा तो सभासदत्वाच्या अटीतच असला पाहिजे, म्हणजे तो मोडणाऱ्यास वर्गणी परत करून नारळ देता येईल. नियम थोडे असावेत : पन्नास किलोवरची गोणी पाठीवर द्यावयाची नाही, तेजाबाच्या व डाखाच्या खोलीत धूर बाहेर ओढणारा पंखा असल्याशिवाय काम द्यावयाचे नाही, कॅडमियमचा डाख घेणाऱ्या कारागिराचा माल घ्यावयाचा नाही, वस्तीच्या दुकानात परवान्यापलीकडचा ज्वालाग्राही साठा ठेवावयाचा नाही. यांतील शेवटच्या बाबतीत तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहिले पाहिजे, नाहीतर तक्रार येणारच नाही.

पाहणी करणारे कोण असावेत, हा नाजूक भाग आहे. भाऊबंदकीच्या पेठेत एका सराफाने दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन दोष काढणे कठीण, आणि उद्या तोच आपल्याकडे येणार हे ठाऊक असता दोष न काढणे अगदी सोपे. म्हणून दुसऱ्या पेठेचे सभासद बोलवावेत. कापडवाल्यांनी सराफ्याची पाहणी करावी आणि धान्यवाल्यांनी कापड मार्केटची. प्रत्येक समितीत एक हमाल वा एक कारागीर असलाच पाहिजे, कारण जिन्याची कोणती पायरी निसटती आहे हे तोच जाणतो. खर्चाचा प्रश्न येईल. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानंतर लगेच, १९२४ साली, आपला परस्पर-विमा संघ काढला होता. जेथे भरपाईचा बोजा एका सामाईक निधीवर पडतो, तेथे शेजाऱ्याच्या कारखान्यातील उघडा पट्टा हा आपल्याही खिशाचा प्रश्न होतो. आपल्या मंडळांनी वर्गणीचा एक लहान अंश अशा निधीस लावला, तर ज्या हिशेबाच्या वहीत हमालाच्या पाठीचा खर्च आजवर कधी दिसला नाही, त्या वहीत तो दिसू लागेल.

आणि एक पान या स्मरणिकेत वाढवावे. देणगीदारांची यादी, नव्या पेढ्यांची यादी, दिवंगत सभासदांची यादी अशा पुस्तकांतून छापण्याची चाल आहेच. त्याच्याच शेजारी वर्षभरात पेठेत कामावर असता जे जखमी झाले त्यांची नोंद यावी : तारीख, काम कोणते, इजा कशाने झाली, किती दिवस खाडा पडला, आणि त्यानंतर त्या जागी काय दुरुस्त केले. पहिल्या काही वर्षांत पेढीचे नाव छापू नये, नाहीतर नोंद लपवली जाईल. शेवटचा रकाना कोरा राहिला असेल तर तो कोराच छापावा.